विंडोज मारून देतो, ताई



या वेळी तिळाच्या पोळीवर लिहीन असं कबूल केलं होतं. पण गेले तीन महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे आणि तो मनातून जात नाही. विषय ऐकून हसाल. धाकट्याने गेम खेळायला घरीच कॉम्प्युटर जोडला, आणि त्यात विंडोज टाकायचं की लिनक्स, यावरून आमच्याकडे जे काही घडलं ते सांगते. ‘हे मुलांचं, आपल्याला काय कळतंय’ म्हणून पान बंद करू नका. मीही तसंच म्हणत होते.

धाकटा साताऱ्याला डिप्लोमाला आहे. मेढ्याहून रोज एसटीने जा-ये. दोन वर्षं त्याने दुकानात बसून, सुट्टीत मालाची उतरवणी करून, राखी-भाऊबीजेचे पैसे जमवून साठवलेले, त्यात ह्यांनी थोडे घातले आणि मी थोडे. २०२५ च्या दिवाळीआधी आम्ही दोघं पुण्याला जाऊन सगळे भाग आणले. मदरबोर्ड, रायझन ५ चा प्रोसेसर, सोळा जीबी रॅम, एक टीबीची एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, आणि सगळ्यात महाग ते रेडिऑनचं ग्राफिक कार्ड. मिळून ५२,००० च्या आसपास. (आता रॅमचे भाव जे काही वाढलेत ते ऐकून वाटतं, बरं झालं तेव्हाच घेतली.) घरी येऊन त्याने जेवणाच्या टेबलावर चादर अंथरून सगळं मांडलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “एवढ्या पैशाचं हे एवढंच? आणि चालू कुठून होतं?”

प्रश्न बरोबर होता. ते चालू कुठून होतं, त्याचीच ही गोष्ट.

पुण्यातल्या दुकानात बिल करताना तिथल्या मुलाने विचारलं, “विंडोज पाहिजे का? ओरिजिनल घेतलं तर दहा हजाराच्या आसपास जाईल. नाहीतर मी मारून देतो, ताई. फुल ॲक्टिव्हेटेड. त्याचे काही नाहीत.” खरं सांगते, मला आनंदच झाला. भाजीवाल्याने वरून कोथिंबिरीची काडी टाकावी तसा. मी “द्या की” म्हणालेसुद्धा. धाकटा मात्र म्हणाला, “नको, मी घरी बघतो.” मला वाटलं याला सगळं स्वतःच करायची हौस. एसटीत बसल्यावर मी रागावले, दहा हजार वाचत होते ते कशाला घालवलेस म्हणून. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “वाचत नव्हते आई. ते चोरीचं असतं.”

आता मी पाठशाळेत मुलांना शिकवलेली बाई. पाच अणुव्रतं तोंडपाठ. अचौर्याणुव्रताला आपल्याकडे अदत्तादानाचा त्याग म्हणतात, म्हणजे जे कुणी दिलेलं नाही ते घ्यायचं नाही. पडलेलं, विसरलेलं, ठेवलेलं काहीच नाही. त्याचे पाच अतिचारही मी मुलांकडून घोकून घेतलेत. त्यातला एक तदाहृतादान. दुसऱ्याने चोरून आणलेलं आपण घेणं. आणि एक प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नक्कल खपवणं. तुपात डालडा मिसळण्याचं उदाहरण मी वर्षानुवर्षं देत आले. बाराशे रुपयांच्या तुपाला लागू होतं ते दहा हजारांच्या विंडोजला लागू होत नाही, असं मला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. ते हातात धरता येत नाही, एवढंच. हातात न येणारी वस्तू चोरता येते हे डोक्यात शिरायला मला मेढ्यापर्यंतचा रस्ता लागला.

तरी मी एक वाद घातला. “सगळे तर तेच करतात.” त्यावर तो जे बोलला त्याने आमच्या घरातली दिवाळी जरा वेगळी झाली. “सगळे म्हणजे आपणच की. आपल्या दुकानातला विंडोज कुठे विकत घेतलाय?”

आमचं किराणा दुकान बाजारपेठेत आहे. तिथला कॉम्प्युटर २०१४ चा. तेव्हा एका ओळखीच्या माणसाने येऊन सगळं ‘मारून’ दिलं, आणि पुढे तोच कधीतरी विंडोज १० करून गेला. हिशेबाचं टॅली मात्र आम्ही पैसे मोजून घेतलंय, कारण जीएसटीचं काम त्यावर, तिथे घोळ नको. म्हणजे वही विकतची आणि वही ज्यावर ठेवली ते टेबल उचलून आणलेलं. बारा वर्षं त्या टेबलावर लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू वाहतोय आम्ही.

मी हे ह्यांच्याशी बोलले तर दोन दिवस आमचं बोलणं बंद. “बारा वर्षं चाललंय, कुणाचं काय बिघडलं?” त्यांचं म्हणणं. मी मग माहिती काढायला बसले. तुम्हालाही सांगते, कारण आपल्यातल्या निम्म्या जणींच्या घरी दुकान आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात ६३-ब असं कलम आहे. चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरणं हाच गुन्हा. शिक्षा सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. घरगुती वापर असेल, त्यातून कमाई नसेल, तर न्यायालय कैद माफ करून नुसत्या दंडावर सोडू शकतं. पण धंद्यात वापर असेल तर ती सवलत नाही. म्हणजे पोराच्या गेमच्या कॉम्प्युटरपेक्षा आमच्या गल्ल्याशेजारचा कॉम्प्युटर जास्त दोषी. मी पोराला तपासायला निघाले होते.

ह्यांना कायदा पटला नाही. कायद्याने पटणारा माणूस नव्हे तो. पटलं ते वजनकाट्यावरून. आमचा काटा दरवर्षी वैधमापनवाल्यांकडून तपासून शिक्का मारून घेतात. कधी तारीख चुकली तर स्वतः चौकशी करत फिरतात. मापात पाप नको, हे सासरे जाताना सांगून गेलेले. तिसऱ्या दिवशी रात्री दुकान बंद करताना मी एवढंच म्हटलं, “काटा शिक्क्याचा, आणि बिल ज्याच्यावर करतो ते?” ते काही बोलले नाहीत. सकाळी मला म्हणाले, “किती लागतील बघून ठेव.”

आता थोडं मूळ विषयाकडे. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय, हे मला धाकट्याने तीनदा सांगूनही कळलं नव्हतं. मग मी माझ्या परीने समजून घेतलं. एकत्र कुटुंबातली थोरली सून डोळ्यांसमोर आणा. घरात ओटा आहे, गॅस आहे, भांडी आहेत, कोठीघर आहे. ते झाले कॉम्प्युटरचे भाग. पाहुणे येतात, ते झाले गेम, टॅली, ब्राउझर. पाहुणा स्वतः उठून कोठीघरात जात नाही. तो थोरलीला म्हणतो, पाणी द्या, आणि कुठला तांब्या, कुठली घागर ते तीच ठरवते. विंडोज ही एक थोरली, लिनक्स दुसरी. दोघींची स्वयंपाकाची पद्धत वेगळी. आणि बहुतेक गेमवाले पाहुणे विंडोजच्या हातचं खायला सवयीचे आहेत. अडचण एवढीच.

लिनक्स १९९१ साली फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याने, लिनस टॉरवाल्ड्सने सुरू केलं. आज जगभरचे लोक मिळून ते वाढवतात. त्याच्या परवान्यातच लिहिलेलं असतं की वापरा, बदला, दुसऱ्याला द्या. मला हे फार आवडलं. पैसे पडत नाहीत तेव्हा आपण दोन्हीला ‘फुकट’ म्हणतो, दुकानातल्या त्या मुलाचं विंडोजही फुकट आणि हेही फुकट. पण एक अदत्त आहे आणि एक दत्त. हे देणाऱ्याने स्वतःच्या हाताने दिलेलं आहे. केरळातल्या सरकारी शाळांमध्ये कितीतरी वर्षं हेच चालतं. आपल्या पुण्यात १९८८ साली सुरू झालेल्या सी-डॅकने भारतीय भाषांसाठी बॉस नावाचं लिनक्स काढलं. माझ्यासारखीला महत्त्वाचं म्हणजे मराठी उमटतं, इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालतो. हा लेख त्यावरच टंकलाय.

गेमचं काय? पाच-सात वर्षांपूर्वी विचारलं असतं तर उत्तर सरळ ‘विंडोज’ होतं. २०१८ मध्ये स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने प्रोटॉन नावाची गोष्ट आणली. ती दुभाष्याचं काम करते. पाहुणा विंडोजच्या भाषेत बोलतो, ती लिनक्सला समजेल असं सांगते, आणि पाहुण्याला पत्ताही लागत नाही. २०२२ मध्ये त्याच कंपनीने स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र काढलं, ते लिनक्सवरच चालतं. त्यामुळे गेम बनवणारेही लक्ष देऊ लागले. धाकट्याकडचे एकट्याने खेळायचे बहुतेक गेम आज लिनक्सवर जसेच्या तसे चालतात. कुठला चालतो, कुठला नाही, हे खेळणाऱ्यांनी स्वतः नोंदवलेली प्रोटॉनडीबी नावाची साइट आहे. घेण्याआधी तिथे बघायचं, पेढीवर भाव विचारतो तसं.

ग्राफिक कार्ड एएमडीचं, म्हणजे रेडिऑन असेल तर लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर आधीच असतो. एनव्हिडियाचं असेल तर तो वेगळा घालावा लागतो, काही लिनक्स त्याची सोय करून देतात. एवढं तरी भाग घेण्याआधी ठरवा, नंतर नको.

बॅझाइट, मिंट, उबुंटू अशी लिनक्सची नावं ऐकून गोंधळू नका. एकाच कणकेच्या पोळ्या, फुलके, पराठे आहेत त्या. आम्ही गेमच्या कॉम्प्युटरवर बॅझाइट टाकलं. कारण मेढ्याचं. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. बॅझाइटचं अपडेट पूर्ण तयार होऊन मगच बदली होतं, आणि नवीन बिघडलं तर चालू करताना जुनं निवडता येतं. अपडेटच्या मध्येच लाईट गेली तरी कॉम्प्युटर उठतो. दोनदा अनुभव घेतलाय. तरी एक चांगला यूपीएस घ्याच, तो खर्च टाळू नका.

इथपर्यंत सगळं छान वाटतंय ना? आता माझी चोरी सांगते.

मी लिनक्सच्या बाजूने एवढी का उभी राहिले, ते नुसतं अचौर्य नव्हतं. धाकट्याचे डिप्लोमाचे सगळे मित्र रात्री व्हॅलोरंट खेळतात. पाच-पाच जणांचे दोन गट, बंदुका, गोळ्या. मी एकदा त्याच्या मित्राच्या घरी पाहिलं होतं आणि मला ते सहन झालं नव्हतं. मग मला कुठेतरी वाचायला मिळालं की हा गेम लिनक्सवर चालतच नाही. त्यात लबाडी पकडणारा एक पहारेकरी असतो, व्हॅनगार्ड नावाचा. तो कॉम्प्युटर चालू झाल्यापासूनच आत बसतो, अगदी गाभ्यात. म्हणजे असा पाहुणा की जो जेवायला येतो आणि तुमच्या तिजोरीची किल्लीही स्वतःकडे मागतो. तो फक्त विंडोजच्या घरी येतो. फोर्टनाइटचंही तेच. ॲपेक्स लेजंड्स आधी लिनक्सवर चालायचा, २०२४ च्या अखेरीस त्यांनीही बंद केला.

माझ्या लगेच लक्षात आलं. आरडाओरडा नको, भांडण नको. लिनक्स टाकला की ती दारं आपोआप बंद. आणि वर मी धर्माचं बोलतेय म्हटल्यावर पोरगा काय म्हणणार? मी त्याला सांगितलं, “चोरीचं नको म्हणालास ना, शाब्बास. मग लिनक्सच टाक. दहा हजार घालायचे नाहीत आता.” तो बरं म्हणाला. मला वाटलं, जिंकले.

पहिला महिना मी समाधानात होते. तो कुठलासा शेतीचा गेम खेळायचा, गाड्यांच्या शर्यतीचा खेळायचा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीने २०२० मध्ये काढलेला ‘राजी’ त्याने मला दाखवला. त्यात एक मुलगी आपल्या हरवलेल्या भावाला शोधत जाते, भिंतींवर आपल्याकडच्यासारखी चित्रं. मी त्याच्या शेजारी बसून तासभर बघितला. (त्यातही ती राक्षसांशी लढतेच, पण ते मला खपलं. का खपलं याचा विचार अजून करतेय.)

मग एका शनिवारी रात्री पाणी प्यायला उठले तर तो कॉम्प्युटर बंद करून मोबाईलवर मित्रांचं बोलणं नुसतं ऐकत बसलेला. ते खेळत होते, हा ऐकत होता. आम्ही मेढ्यात राहतो. साताऱ्याला कॉलेजात तासन्‌तास, पण संध्याकाळची शेवटची गाडी चुकवून चालत नाही. सगळे मित्र तिकडे, हा इथे. रात्रीचा तो एक तास हीच त्यांची भेटण्याची जागा होती, आणि ती मी बंद केली होती. तेही त्याला न सांगता.

भाद्रपदात दशलक्षण पर्वात दहा दिवस दहा धर्म आपण म्हणतो. तिसरा उत्तम आर्जव. मनात एक, बोलण्यात दुसरं, करण्यात तिसरं असं नसणं. मी मनात बंदूक धरली होती, बोलण्यात अचौर्य होतं, आणि करण्यात पोराची कोंडी. अचौर्य पाळायला म्हणून मी मायाचार केला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, “मला माहीत होतं.” कसं काय? तर मी माझ्या मोबाईलवर मराठीत टंकून शोधलं होतं, ‘व्हॅलोरंट कशावर चालत नाही’, आणि मोबाईल त्यालाच नीट करायला दिला होता. “मग बोलला का नाहीस?” “तुला बरं वाटत होतं म्हणून.”

मैत्रिणींनो, यावर काय बोलायचं?

मग मात्र मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. समोर बसून बोलले. त्याला यशोधर राजाची गोष्ट आठवण करून दिली. पाठशाळेत मीच सांगितलेली. राजाने जिवंत कोंबडा नव्हे, पिठाचा कोंबडा मारला. कुणाचा जीव गेला नाही, पण मारण्याचा भाव मनात आला, आणि त्याची फळं त्याला जन्मोजन्मी भोगावी लागली, कधी मोर होऊन, कधी मासा होऊन. “पडद्यावरचा माणूस हा पिठाचाच कोंबडा आहे,” मी म्हटलं. मला वाटलं, याहून चांगला दृष्टांत नाही.

त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “पण आई, त्या गोष्टीत राजा नकोच म्हणत असतो. पिठाचा कोंबडा मारायला त्याला त्याची आईच लावते.”

खरं आहे. चंद्रमतीच लावते. आणि राजाने तिला खरं काय घडलं ते न सांगता स्वप्नाचं निमित्त सांगितलेलं असतं. आई-मुलगा एकमेकांशी सरळ बोलत नाहीत, आणि पुढचं सगळं त्यातून होतं. इतकी वर्षं ती गोष्ट सांगताना मला हे दिसलं नव्हतं.

माझं मत बदललेलं नाही, हे स्पष्ट सांगते. गोळ्या घालण्याचा खेळ हा नुसता खेळ आहे, त्याचा मनावर काही परिणाम नाही, असं मी मानत नाही. भावहिंसा ही आपल्याकडे कल्पना नव्हे, पाया आहे. खेळ मनावर काहीतरी उमटवतो हे आपल्या पूर्वजांना चांगलं माहीत होतं. म्हणून तर त्यांनी ज्ञानबाजीचे पट रंगवले, साप-शिडीचेच, पण शिडी चढून वर मोक्षाकडे जायचं. कापडावरचे ते जुने जैन पट आजही संग्रहालयांत आहेत. खेळ चालतो, पण कुठला, याचा विचार हवा, हे माझं म्हणणं कायम आहे. पण तो विचार मुलाच्या डोक्यात व्हायला हवा. मी कॉम्प्युटरच्या गाभ्यात बसवलेल्या कुलपात नव्हे. आज मेढ्यात कुलूप लावीन, उद्या नोकरीला पुण्याला गेला की तिथे कोण लावणार? आणि एकदा कळलं की आई धर्माचं नाव घेऊन दार बंद करते, मग ती अचौर्य म्हणाली तरी तो त्यात दुसरं काहीतरी शोधत बसेल. मला ते सगळ्यात महाग पडलं असतं.

आणि जाता जाता, शेजारच्या वहिनींनी विचारलं म्हणून सांगते. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ वेगळे. ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायद्याने बंद केले, आणि त्यांची आपल्या घरात चर्चासुद्धा नको. ते द्यूत आहे. सप्तव्यसनातलं पहिलं.

शेवटी ठरलं असं. गेमच्या कॉम्प्युटरवर बॅझाइट राहील. त्याला व्हॅलोरंट खेळायचा असेल तर वेगळी छोटी एसएसडी घेऊन तिच्यावर विंडोज ११ टाकायचा, विकत घेतलेला. एकाच एसएसडीवर दोन्ही ठेवले तर विंडोजच्या अपडेटनंतर कधी कधी लिनक्स सुरूच होत नाही, म्हणून वेगळी. निम्मे पैसे तो देणार, निम्मे मी. खेळायचं की नाही ते त्याने ठरवायचं, पण मला सांगून. त्याच्याकडे आत्तापर्यंत एकवीसशे जमलेत. गंमत म्हणजे गेल्या आठवड्यात त्याने मला विचारलं की ते पैसे यूपीएसच्या बॅटरीला वापरू का. मी काही बोलले नाही. खूप कष्टाने बोलले नाही.

परवाना घेताना एक बघा. साध्या पेटीतला, म्हणजे रिटेल परवाना एका कॉम्प्युटरवरून काढून दुसऱ्यावर नेता येतो. ओईएम म्हणून मिळतो तो थोडा स्वस्त असतो, पण त्या मदरबोर्डशीच बांधलेला, बोर्ड गेला की तोही गेला. आणि इंटरनेटवर तीनशे-चारशे रुपयांत नुसती ‘की’ विकतात, ती घेऊ नका. एखाद्या कंपनीला घाऊक दिलेली की कुणीतरी बाहेर काढून विकत असतो बऱ्याचदा. पैसे दिले म्हणून ते चोरीचं राहत नाही असं नाही. तदाहृतादान म्हणतात ते हेच, तिथेही घेणारा पैसे देतोच की.

राहिला दुकानाचा कॉम्प्युटर. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केलेल्यांना सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष मिळतात, पण आमच्यासारख्या मारलेल्यांनी कुठल्या तोंडाने नोंदणी करायची? आणि विंडोज ११ त्यावर चढतच नाही. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा तरी लागतो, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते. आमचा चौथ्या पिढीचा. टॅलीला विंडोज हवंच, त्यामुळे तिथे लिनक्स टाकून सुटका नव्हती. ह्यांनी अस्सल परवान्यासकट एक वापरलेला, नीट करून विकलेला छोटा कॉम्प्युटर घेतला, बिलासकट. परवान्याचं बिल काट्याच्या प्रमाणपत्राच्याच फाइलीत लावलंय. मी मागितलं नव्हतं.

मी मात्र जुना भंगारात देऊ दिला नाही. चालणारी वस्तू नवीन आली म्हणून फेकणं मला अपरिग्रहात बसत नाही. धाकट्याने त्यावर लिनक्स मिंट टाकलं, जुनी हार्ड डिस्क काढून चारशे रुपयांची वापरलेली एसएसडी घातली, आणि तो आता देवघराशेजारच्या खोलीत आहे. सासूबाई त्यावर दुपारी प्रवचनं ऐकतात. चालू कुठून होतं ते त्यांना आता माहीत आहे. बंद करायला मात्र अजून नातवालाच हाक मारतात.